शिष्यवृत्तीचा अर्ज अडला तर : महाविद्यालयीन विद्यार्थी व पालकांसाठी मार्गदर्शन

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांच्या कार्यालयांत स्नानसंस्काराचा दाखला मागणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. दाखला हातात घेताना पालक हळूच दुसरा प्रश्न विचारतात : "फादर, फीसाठी काही मदत मिळेल काय?" या प्रश्नाला आम्ही अनेक वर्षे उत्तरे देत आलो आहोत. त्या अनुभवातून एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली आहे. आपल्या मुलांचे अर्ज नाकारले जातात ते पुष्कळदा अपात्रतेमुळे नव्हे. नावातील एका अक्षरामुळे, मुदत संपलेल्या दाखल्यामुळे किंवा आलेला संदेश कोणी न वाचल्यामुळे. या तिन्ही चुका बहुधा दुरुस्त होऊ शकतात, मात्र त्या वेळेवर लक्षात यावयास हव्यात.

काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामातील विद्यार्थिनीचा अर्ज तिच्या महाविद्यालयाने दुरुस्तीसाठी परत पाठविला होता. गुणपत्रिकेची प्रत अस्पष्ट होती, एवढेच कारण. परंतु अर्जात मोबाईल क्रमांक दिला होता तो अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचा. संदेश त्याच्याकडे गेला आणि तेथेच राहिला. घरी मात्र 'शासनाने नाकारले' असा समज झाला. फी भरता येईना, लाजेपोटी कोणाला सांगवेना. मुलीने महाविद्यालय सोडले. आम्हाला हे कळले तेव्हा दुरुस्तीची मुदत टळून गेली होती. असे पुन्हा घडू नये या हेतूने ही माहिती एकत्र देत आहोत.

आधी पाहावे : योजना चालू आहे काय?

जुन्या पत्रकांवर किंवा शेजाऱ्यांच्या सांगण्यावर विसंबून अर्ज करू नये. अल्पसंख्याकांसाठी असलेल्या केंद्र शासनाच्या काही योजनांत मोठे बदल झाले आहेत. पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना मिळणारी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून थांबविण्यात आली. संशोधक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. मुलींना बेगम हजरत महल शिष्यवृत्ती देणारे मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन २०२४ मध्ये बंद करण्याचा आदेश निघाला. म्हणून थोरल्या बहिणीला मिळालेली शिष्यवृत्ती धाकट्या भावालाही मिळेल असे गृहीत धरू नये. योजना पोर्टलवर उघडी आहे याची खात्री करावी आणि मगच कागद जमवावेत.

आपल्या विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे मुख्य मार्ग असे :

(अ) महाडीबीटी पोर्टल : महाराष्ट्र शासनाच्या शिष्यवृत्त्यांसाठी. उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण आणि वैद्यकीय शिक्षण या विभागांच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या येथे वेगवेगळ्या दाखविलेल्या असतात. आपला अभ्यासक्रम ज्या विभागाकडे येतो त्याच विभागाची योजना निवडावी. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ८ लाख रुपये असून एका कुटुंबातील दोनच अपत्यांना तिचा लाभ मिळतो. जुलै २०२४ मधील शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

(आ) राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल : येथील केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती धर्मावर अवलंबून नाही. बारावीत आपल्या बोर्डाच्या यादीत ८० पर्सेंटाइलच्या वर असलेला आणि कौटुंबिक उत्पन्न ४.५ लाख रुपयांपर्यंत असलेला विद्यार्थी अर्ज करू शकतो. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी दरवर्षी १२,००० रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी २०,००० रुपये मिळतात. 'अल्पसंख्याक' हा शब्द नसल्यामुळे आपले पुष्कळ विद्यार्थी या योजनेकडे पाहतही नाहीत, याचा आम्हाला खेद वाटतो.

(इ) शैक्षणिक कर्ज : याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

एक इशारा : एकाच वर्षी दोन शासकीय शिष्यवृत्त्या सहसा घेता येत नाहीत. दोन्हीकडे अर्ज केल्यास दोन्ही अडण्याचा संभव असतो. रक्कम आणि अटी पाहून एकीची निवड करावी.

अडचण १ : नाव जुळत नाही

ही आपल्या समाजाची खास अडचण आहे. आपली आडनावे पोर्तुगीज वळणाची, शाळेतील नोंद मराठीत आणि आधार कार्डावरील नाव संगणकाने इंग्रजीत उतरविलेले. डिमेलो, डिसोजा, डिसिल्वा ही आडनावे एकाच घरात तीन प्रकारांनी लिहिलेली आम्ही पाहिली आहेत : कोणाच्या नावात वर स्वल्पविराम, कोणाच्या नावात मधे मोकळी जागा, कोणाचे सलग. घोन्साल्विस आणि रॉड्रिग्ज यांच्या शेवटच्या अक्षराचीही हीच कथा. शिवाय स्नानसंस्काराचे नाव एक आणि शाळेतील नाव दुसरे, असेही असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम येते, तर आधारवर बहुधा स्वतःचे नाव प्रथम येते. माणसाला हे सारे एकच वाटते, संगणकाला नाही.

उपाय क्रमाने करावेत.

प्रथम कोणते रूप कायम ठेवायचे ते घरी बसून ठरवावे. आमचा सल्ला असा की दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण मानावे, कारण पुढे जन्मभर तेच मागितले जाते. मग आधार, बँक खाते आणि दाखले त्याच्याशी जुळवून घ्यावेत. आधारमधील नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून केंद्रावर जाऊन घाईने 'काहीतरी दुरुस्ती' करून घेऊ नये.

दहावीच्या प्रमाणपत्रातच चूक असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. पालघर जिल्ह्यासाठी हे मंडळ म्हणजे मुंबई विभाग. ज्यांची मुले अजून शाळेत आहेत त्यांनी दहावीच्या परीक्षेपूर्वी शाळेत येणारी प्रीलिस्ट स्वतः डोळ्यांनी तपासावी. तेथे पाच मिनिटे दिली तर पुढची अनेक वर्षांची पायपीट वाचते.

नाव खरोखरच बदलले असेल किंवा फरक मोठा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी. राजपत्राची प्रत बँकेपासून विद्यापीठापर्यंत सर्वत्र उपयोगी पडते.

पुष्कळ पालक आम्हाला म्हणतात, "फादर, रजिस्टरमध्ये एवढे अक्षर बदलून द्या ना!" हे आम्हाला करता येत नाही आणि करणे योग्यही नाही. धर्मग्रामाची नोंदवही हा ख्रिस्तसभेचा अधिकृत दस्तऐवज आहे. मूळ नोंद न खोडता, योग्य पुराव्यावरून आणि वरिष्ठांच्या परवानगीने समासात टीप लिहिता येते. एवढाच मार्ग आहे.

अडचण २ : पत्त्यात 'ठाणे' की 'पालघर'?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या दाखल्यांवर आणि काहींच्या आधार कार्डावरही ठाणे जिल्हा आहे. जुना दाखला त्यामुळे खोटा ठरत नाही. मात्र पोर्टलवर पत्ता भरताना आजचा जिल्हा आणि आजचा तालुका निवडावा, आधारवरील पत्ता अद्ययावत करून घ्यावा आणि नवे दाखले आजच्याच जिल्ह्याच्या नावाने काढावेत. महाराष्ट्राबाहेर दहावी किंवा बारावी झालेल्या विद्यार्थ्यांनी अधिवास प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे.

अडचण ३ : उत्पन्नाचा दाखला

हा दाखला तहसीलदारांचा असावा लागतो. सरपंच, नगरसेवक किंवा धर्मगुरू यांचे पत्र त्याच्या जागी चालत नाही. तो सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून मिळतो. त्यावर वैधतेची तारीख असते आणि ती सामान्यतः ३१ मार्च असते. मार्चमध्ये काढलेला दाखला जूनमध्ये निरुपयोगी ठरतो, याचे पुष्कळांना नवल वाटते. म्हणून एप्रिल उजाडल्यावर, निकालाची वाट न पाहता, नव्या वर्षाचा दाखला काढावा. दाखल्यावरील बारकोड क्रमांक अर्जात भरावा लागतो. त्यात एक आकडा चुकला तरी पडताळणी अडते.

नोकरदारांना फॉर्म १६ जोडता येतो. शेती, फुलशेती, भाजीपाला किंवा मासेमारी करणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत तलाठ्यांचा अहवाल महत्त्वाचा असतो. वडील आखाती देशांत असल्यास आईने अर्जदार होऊन वडिलांच्या पगाराचा पुरावा जोडावा. उत्पन्न दडवू नये. खोटी माहिती उघडकीस आली तर मिळालेली रक्कम परत करावी लागते आणि मुलाच्या पुढच्या अर्जांवरही सावट येते. शिवाय हा प्रश्न सदसद्विवेकबुद्धीचाही आहे : आपण लपविलेल्या रकमेमुळे एखाद्या खऱ्या गरजवंताची जागा जाते.

अशा दाखल्यांसाठी द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रावर मुद्रांक शुल्क माफ आहे. त्यासाठी पाचशे रुपयांचा मुद्रांक विकत घेण्याची गरज नाही. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अपील करता येते.

अडचण ४ : धर्म आणि जातप्रवर्ग

ख्रिस्ती समाज हा अधिसूचित अल्पसंख्याक समाज आहे. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीसाठी साधारणतः विद्यार्थ्याचे स्वयंघोषणापत्र आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील धर्माची नोंद पुरते. तेथे धर्माचा रकाना कोरा असल्यास स्नानसंस्काराचा दाखला जोडावा.

जातप्रवर्गाबद्दल मात्र पुष्कळ गैरसमज आहेत. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. म्हणून आपल्या धर्मप्रांतातील आदिवासी ख्रिस्ती विद्यार्थी जमातीच्या शिष्यवृत्तीस पात्र असतात आणि त्यांनी ती अवश्य घ्यावी. अनुसूचित जातीचा दर्जा मात्र १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच मिळतो. दलित ख्रिस्ती बांधवांवरील या अन्यायाविरुद्ध ख्रिस्तसभा दीर्घकाळ आवाज उठवीत आली आहे. तरीही तो बदलेपर्यंत अर्जात चुकीचा प्रवर्ग लिहिणे विद्यार्थ्याच्याच अंगाशी येते. इतर मागास प्रवर्गात आपला समाजघटक येतो की नाही, हे तहसील कार्यालयातील यादीत पाहूनच ठरवावे. येत असल्यास जातीच्या दाखल्याबरोबर नॉन-क्रिमी लेयर प्रमाणपत्रही लागेल.

अडचण ५ : अर्ज 'परत' आला

महाडीबीटीवर 'सेंड बॅक' आणि राष्ट्रीय पोर्टलवर 'डिफेक्टिव्ह' अशी स्थिती दिसली म्हणजे अर्ज नाकारला गेला असे नव्हे. दुरुस्ती करून तो पुन्हा पाठवा, एवढाच त्याचा अर्थ. कारण शेऱ्यात लिहिलेले असते. ते वाचावे, तेवढेच दुरुस्त करावे आणि मुदतीच्या आत पुन्हा सादर करावे. 'सेव्ह' केलेला अर्ज म्हणजे 'सबमिट' केलेला अर्ज नव्हे, हेही लक्षात असावे.

येथे पाच नियम सांगतो. मोबाईल क्रमांक घरातीलच द्यावा आणि तोच आधारशी जोडलेला असावा. युझर आयडी व पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवावा. दुकानदाराकडे ठेवू नये. अर्ज भरल्यावर त्याची छापील प्रत काढून महाविद्यालयाच्या कार्यालयात कागदांसह द्यावी आणि पोच घ्यावी. निकाल लागेपर्यंत दर रविवारी, मिस्साहून घरी आल्यावर, एकदा अर्जाची स्थिती पाहावी. आणि पुढील वर्षी नूतनीकरण करण्यास विसरू नये. वर सांगितलेल्या केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण व ७५ टक्के उपस्थिती लागते.

राष्ट्रीय पोर्टलवर आता वन टाइम रजिस्ट्रेशन करून १४ अंकी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मोबाईलवर चेहऱ्याची पडताळणी होते. ती अयशस्वी झाल्यास चांगल्या उजेडात, चष्मा काढून पुन्हा प्रयत्न करावा. आधारवरील छायाचित्र लहानपणीचे असेल तर आधार केंद्रात नवे बायोमेट्रिक द्यावे.

अर्ज महाविद्यालयाच्याच स्तरावर पडून असेल तर तेथील शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकांना भेटावे. त्यांच्याकडे शेकडो अर्ज असतात, म्हणून सौजन्याने पण लेखी विचारणा करावी. फीसाठी मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेने मनाई आहे, हेही माहीत असावे.

अडचण ६ : मंजूर झाले, पण पैसे आले नाहीत

शिष्यवृत्तीची रक्कम आधारच्या आधारे जमा होते. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणे आणि ते खाते एनपीसीआयच्या नोंदीत शासकीय रकमांसाठी जोडलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटी ज्या बँकेत अशी जोडणी केली असेल तेथेच रक्कम जाते. पुष्कळदा पैसे 'आलेले नसतात' असे नाही, तर विसरलेल्या दुसऱ्याच खात्यात पडून असतात. म्हणून आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहावे. तेथे दिसेल तेच आपले खाते.

खाते दीर्घकाळ वापरात नसल्यास ते निष्क्रिय होते. केवायसी करून सुरू करून घ्यावे. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेल्या 'स्मॉल अकाउंट'मध्ये वर्षाला एक लाखापेक्षा अधिक जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक सामान्यतः पन्नास हजारांवर जाऊ शकत नाही. मोठी रक्कम अशा खात्यात अडू शकते. जुन्या पासबुकावरील आयएफएससी क्रमांकही तपासावा. देना बँक व विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये, तर कॉर्पोरेशन बँक व आंध्र बँक २०२० मध्ये युनियन बँकेत विलीन झाल्या, तेव्हा शाखांचे क्रमांक बदलले. सहकारी बँकेत खाते असल्यास शासकीय रकमांसाठी आधार जोडणी होते काय, हे शाखेत विचारून घ्यावे.

हे सर्व ठीक असेल तर विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये काही कृती बाकी आहे काय ते पाहावे आणि नंतरच विलंब शासनाकडे आहे असे समजावे.

अडचण ७ : बँक कर्ज देत नाही

शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेनुसार ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण किंवा तिऱ्हाईत जामीन लागत नाही. पालक सहकर्जदार असतात. परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते आणि पंधरा वर्षांपर्यंत चालू शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामिनाशिवाय कर्ज मिळते. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळ व त्यानंतरच्या सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत असते. ख्रिस्ती विद्यार्थ्यांना मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचाही मार्ग आहे.

शाखेने 'तुम्ही आमच्या हद्दीत राहत नाही' म्हणून अर्ज परत केला तर ते कारण रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत बसत नाही. नकार लेखी आणि कारणासह मागावा. बँकेकडे तक्रार करून तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

पालकांच्या पतनोंदीमुळे नकार आला असल्यास ती नोंद मागवून पाहावी. प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा ती विनामूल्य मिळते. आपल्या गावांत शेजारधर्म म्हणून जामिनाच्या कागदावर सही करण्याची रीत आहे. शेजाऱ्याने कर्ज थकविले तर त्याचा डाग जामीनदाराच्या नोंदीवर पडतो आणि पुढे स्वतःच्या लेकराचे कर्ज अडते. शेजाऱ्याला मदत करणे हे ख्रिस्ती कर्तव्य आहेच, परंतु सही विचारपूर्वक करावी.

धर्मग्रामाने काय करावे

वसईच्या ख्रिस्ती समाजाने १९१८ साली मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने पतसंस्था उभारली; तीच आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक. सावकाराच्या दारी जाणाऱ्या माणसाला एकट्याने जावे लागू नये, ही त्यामागची तळमळ होती. आज संगणकाच्या पडद्यासमोरही आपला पालक एकटाच बसलेला असतो. प्रत्येक धर्मग्रामातील युवकांनी जून ते डिसेंबर या काळात आठवड्यातून एक संध्याकाळ अर्ज तपासण्यासाठी द्यावी. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संघाच्या सभासदांनी घरभेटी देताना धान्याबरोबर मुलांच्या अर्जाचीही चौकशी करावी. शिक्षक, बँक कर्मचारी आणि निवृत्त शासकीय अधिकारी यांनी आपले ज्ञान प्रभूच्या मळ्यात असे खर्ची घालावे. यासाठी निधी लागत नाही. लागते ते केवळ लक्ष.

पालकांना आमची एकच विनंती आहे. अर्ज अडला तर मुलाला घरी बसवू नका, आणि लाज वाटून गप्पही बसू नका. शासनाची शिष्यवृत्ती ही भीक नाही; पात्र विद्यार्थ्याचा तो हक्क आहे. प्रभू येशूच्या दाखल्यातील स्त्रीने दहापैकी एक नाणे हरवले म्हणून दिवा लावून घर झाडून काढले आणि ते सापडेपर्यंत शोध थांबविला नाही. आपल्या धर्मग्रामातील एकही विद्यार्थी केवळ कागदाअभावी हरवू नये यासाठी आपणही तेवढ्याच आस्थेने दिवा लावूया.